झोप खाणारे हप्ते

बेलापूरहून सीएसएमटीकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये दोन प्रकारचं बोलणं कानावर पडतं. एक कामाचं: काल निघायला साडेनऊ झाले, रविवारी पण कॉल लावला, नवा साहेब आल्यापासून श्वास घ्यायला फुरसत नाही. दुसरं खरेदीचं: फोन एक्स्चेंजला दिला तर किती येतील, गाडीचा हप्ता संपत आला, आता सात सीटर बघू. गंमत म्हणजे बोलणारी माणसं तीच असतात. वाशी येईपर्यंत पहिला विषय चालतो आणि मानखुर्दनंतर दुसरा.

वर्तमानपत्रं मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या पानांवर छापतात. आरोग्याच्या पानावर ताण कमी करण्याची आसनं, पैशांच्या पानावर कुठलं कर्ज स्वस्त. माझ्या मते नोकरदार घरांतलं हे दुखणं एकच आहे, आणि उपचार पैशांच्या पानापासून सुरू करावा लागतो. ज्याचा निम्मा पगार पाच तारखेला हप्त्यांत कापला जातो, तो साहेबाला ‘आज नाही जमणार’ असं म्हणू शकत नाही. त्याला प्राणायाम कितीही शिकवा, रात्री अकराला मेसेज आला की तो उठून लॅपटॉप उघडणारच.

हे सगळं एका नजरेत पाहायचं असेल तर दिवाळे गावात जावं. पनवेल खाडीकाठचा हा कोळीवाडा आज बेलापूरच्या सीबीडीला खेटून आहे. एकीकडे जेट्टी, होड्या, मासळी बाजार. दुसरीकडे चालत जाण्याच्या अंतरावर सिडको भवन, कोकण भवन, महापालिकेचं मुख्यालय आणि काचेच्या इमारती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधी साठच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा त्यामागे एक साधा विचार होता: कामं दक्षिण मुंबईतून बाहेर आली तर माणसांचा प्रवास वाचेल, घर आणि कचेरी जवळ येतील. बेलापूरला मुद्दाम व्यापारी केंद्र म्हणून आखलं ते त्यासाठी. पन्नास वर्षांनंतर हार्बर लाइन सकाळी दोन्ही दिशांनी भरून वाहते. ठाण्या-कल्याणचा माणूस बेलापूरला येतो, बेलापूरचा नरिमन पॉइंटला जातो. जागा आखल्या गेल्या, वेळ कुणी आखला नाही.

कोळीवाड्यातला वेळ मात्र फार पूर्वीपासून आखलेला आहे, आणि तो आखणारा साहेब नाही. डोलीच्या जाळ्याला ओढ लागते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याला जोर असतो तेव्हा, उधाणाला काम. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी मंदावतं, जाळ्यात काही यायचं नाही. मग ते दिवस जाळी शिवायचे, होडी डागडुजीचे, नातेवाइकांकडे जायचे. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, आणि कायदा नव्हता तेव्हाही कोळी पावसाळ्यात दर्यात उतरत नसे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मग सुरुवात. मासा पावसाळ्यात अंडी घालतो. त्याला वेळ दिला नाही तर पुढच्या वर्षी जाळं रिकामं, हे कळायला कुणाला अहवाल लागला नाही.

कोळ्याचं जगणं सुखाचं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. रात्र रात्र पाण्यावर काढणं, पहाटे बाजारात टोपली घेऊन बसणं, डिझेलची उधारी, भराव आणि सांडपाण्याने आटलेली खाडी, हे सगळं कष्टाचंच. कोळणीला तर साप्ताहिक सुट्टी नावाचा प्रकार ठाऊक नाही. मुद्दा इतकाच, की त्या कामात थांबण्याची जागा बांधलेली होती. आपल्या कामात ती बांधलेली नाही. आपल्याला ती हाताने करावी लागणार.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणीतरी हाताने केलेलीच आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याचे सातही दिवस राबावं लागे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, हीही एक बाजू त्या मागणीला होती. कोळी-आगऱ्यांत खंडोबाची भक्ती घरोघरची, त्यामुळे दिवाळ्यासारख्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सहा वर्षं झगडून मिळवलेला तो दिवस आपण एका मोबाइल नोटिफिकेशनला देऊन टाकतो, तेव्हा कुणी जबरदस्ती केलेली असतेच असं नाही.

किती काम म्हणजे जास्त काम, याचं एक उत्तर आता मोजून मिळालं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यूंचा संबंध त्यांनी या लांबलेल्या तासांशी जोडला. ५५ तास म्हणजे सहा दिवसांचा आठवडा धरला तर रोजचे सव्वानऊच्या आसपास. लोकलचे अडीच-तीन तास यात नाहीत. या पार्श्वभूमीवर आठवड्याला ७० तास काम करा (२०२३) किंवा ९० तास करा (२०२५) असे सल्ले मोठ्या उद्योगांतल्या मोठ्या माणसांनी दिले, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते अभिमानाने पुढे पाठवले. ज्याच्या घरी स्वयंपाक, ड्रायव्हर, मुलांचा अभ्यास हे सगळं दुसरं कुणी बघतं, त्याचा तास आणि आपला तास सारखा नसतो.

शरीरात होतं काय? झोप कमी पडली की भूक वाढवणारं ग्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. म्हणून रात्री अकराला भाकरी-सुकट नको वाटते आणि बिर्याणी ऑर्डर होते. ताणाची संप्रेरकं चढीच राहिली की रक्तदाब चढतो, साखर चढते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आणि उच्च रक्तदाबाचं प्रमाण सुमारे ३५ टक्के निघालं. प्रत्येकाचं कारण जादा काम नाही, हे खरं. पण जादा काम यातल्या प्रत्येक कारणाला खतपाणी घालतं.

आता दुसरी बाजू. दमलेला माणूस खरेदी जास्त करतो. दिवसभर दुसऱ्याच्या मर्जीने वागल्यावर रात्री फोनवर ‘बाय नाऊ’ दाबणं ही एकच गोष्ट त्याच्या मर्जीची उरते. शिवाय वेळ नसतो म्हणून पैशाने वेळ विकत घ्यावा लागतो: तयार जेवण, रिक्षाऐवजी कॅब, मुलांना वेळ देता येत नाही म्हणून खेळणं. त्याचे पैसे भरायला पुन्हा ओव्हरटाइम. अमेरिकन अर्थतज्ज्ञ ज्युलिएट शोर यांनी १९९२ सालच्या ‘द ओव्हरवर्क्ड अमेरिकन’ या पुस्तकात कमावणं आणि उधळणं यांच्या या रहाटगाडग्याचं सविस्तर वर्णन केलं आहे. ते तेव्हा अमेरिकेचं होतं, आता सीवूड्सच्या मॉलचं आहे.

आपल्याकडे त्याला एक स्थानिक रूपही आहे. नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यातल्या लोकांनी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून परत मिळालेल्या साडेबारा टक्के जमिनीचा पैसा अनेक घरांत शिक्षण आणि व्यवसायात गेला. काही घरांत तो गाड्यांत, सोन्यात आणि हळदीच्या रात्रीत विरला. आगरी-कोळ्यांची हळद एके काळी अंगणात व्हायची, धवलारीण धवला म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी गायची. आता स्टेज, एलईडी पडदा, डीजे, हजारभर पानं. या खर्चावर समाजाच्या बैठकांतून बोललं जातं ते योग्यच आहे, पण नाक मुरडणाऱ्या सोसायटीवाल्यांनीही आपल्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचं बिल एकदा काढून बघावं. ऋण काढून सण करण्यात कुठलाच समाज मागे नाही. हळदीबाबत माझा सल्ला व्यवहाराचा आहे: हॉल पाहायला जाण्याआधी एकूण आकडा घरातल्या चौघांनी मिळून कागदावर लिहावा आणि तो मुलीच्या-मुलाच्या हाती द्यावा. हॉल पाहिल्यावर ठरवलेला आकडा नेहमी मोठा असतो. आणि धवलारीण मिळाली तर तिला मानाने बोलवा. डीजेच्या तुलनेत ती कुठल्याही हिशेबाने स्वस्तच पडते.

तर करायचं काय? पहिलं काम आपल्या एका तासाची खरी किंमत काढणं. ही रीत जो डोमिंग्वेझ आणि विकी रॉबिन यांच्या १९९२ च्या पुस्तकातली आहे, मी इथल्या आकड्यांत मांडतो. समजा हातात ६० हजार येतात. महिन्याला २४ दिवस, रोज ९ तास, म्हणजे तासाला सुमारे २७८ रुपये, असं आपण धरून चालतो. आता नोकरीसाठीच होणारा खर्च वजा करा: पास, रिक्षा, बाहेरचा डबा-चहा, ऑफिसचे कपडे, ऑफिसातल्या वर्गण्या. आठ हजार कुठेच गेले नाहीत. उरले ५२ हजार. तासही खरे मोजा: घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत रोज १२, म्हणजे महिन्याला २८८. भागाकार केला की तास येतो सुमारे १८० रुपयांना. आता ७२ हजारांच्या फोनकडे बघा. तो ४०० तासांचा आहे, म्हणजे कामाचे ३३ दिवस, म्हणजे जवळपास दीड महिना. कदाचित तुम्हाला तो तेवढ्या मोलाचा वाटेलही. वाटला तर घ्या. पण दुकानात उभं राहून ‘महिन्याला फक्त तीन हजार’ ऐकण्यापेक्षा हा आकडा खरा आहे. फ्रीजच्या दारावर आपला १८० लिहून ठेवला तर सगळ्या घराला तो भाव पाठ होतो, मुलांना तर फारच लवकर.

दुसरं, हप्त्यांची यादी. सगळे हप्ते एका कागदावर: घर, गाडी, फोन, कार्ड, पर्सनल लोन, विम्याचे, जिमचे, ओटीटीचे सुद्धा. बँका साधारण निम्म्या पगारापर्यंत हप्ते मान्य करतात. बँकेने ती मर्यादा तुमच्या झोपेसाठी ठरवलेली नाही, वसुली होते का एवढंच त्यात पाहिलेलं असतं. माझ्या मते घराच्या हप्त्यासकट एकूण आकडा हाती येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नये, आणि घर सोडून बाकी सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत हवं. मुंबई-नवी मुंबईच्या भावात हे अवघड आहे, मान्य. म्हणूनच घर घेतलेल्या माणसाने बाकीचे हप्ते घेऊच नयेत.

यादीतलं आधी काय फेडायचं? क्रेडिट कार्ड. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. समजा ४० हजार थकले आणि तुम्ही ‘किमान रक्कम’ म्हणून पाच टक्के, दोन हजार भरले. त्यातले १,४०० व्याजात गेले, त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी २५२. कर्ज कमी झालं ३४८ रुपयांनी. एवढ्यासाठी कुणीही रविवारी काम करू नये. सोन्यावरचं किंवा बँकेचं साधं कर्ज काढूनही हे आधी मिटवावं, आणि मिटल्यावर कार्ड कपाटात नव्हे, कात्रीत.

‘नो-कॉस्ट ईएमआय’बद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं आहे, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. व्याज असतं; ते सवलतीच्या रूपात वळतं केलेलं असतं, वर व्याजावरचा कर आणि प्रोसेसिंग फी. दुकानात एकच प्रश्न विचारा: सगळे पैसे आत्ता रोख दिले तर किती कमी करता? जो फरक सांगतील ते व्याज.

घरकर्जाचं मात्र वेगळं. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर हप्ता सुमारे ४३,४०० आणि एकूण परतफेड एक कोटीच्या पुढे. दरवर्षी फक्त एक हप्ता जादा भरत राहिलात, तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. दिवाळीचा बोनस इकडे वळवा. साडेतीन वर्षं कमी नोकरी, हा कुठल्याही सेलमधला सगळ्यात मोठा डिस्काउंट आहे. त्याच्याच बरोबरीने घरखर्चाचे सहा महिने बँकेत साठलेले असू द्या. साहेबाशी बोलताना आवाज खाली येत नाही तो त्या पैशांमुळे.

तिसरी गोष्ट कोळीवाड्याकडून उचलण्यासारखी आहे. जून-जुलैत घरात खरेदीबंदी ठेवा. धान्य, औषधं, शाळेची वह्या-पुस्तकं, बिघडलं तर दुरुस्ती, एवढं चालू. कपडे, वस्तू, गॅजेट, ऑनलाइन मागवामागवी बंद. जे घ्यावंसं वाटेल ते तारखेसह वहीत लिहा. ऑगस्टमध्ये वही उघडलीत की निम्म्या वस्तू कशासाठी हव्या होत्या ते आठवणार नाही. उरलेल्या खुशाल घ्या. बंदी अख्ख्या घराची हवी. बायकोने साडी घ्यायची नाही आणि नवऱ्याने ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा, याला बंदी म्हणत नाहीत. हे दोन महिने मुद्दाम निवडावेत, कारण पुढे गणपतीपासून दिवाळीपर्यंत ऑनलाइन सेलचं उधाण असतं आणि त्याच्या आधी हात थोडा आवरलेला बरा.

फोनवरच्या दुकानांनी आपल्याला फसवायच्या काही ठरलेल्या रीती आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ रीतींची यादी करून त्यांना मनाई केली: ‘फक्त दोनच शिल्लक’ म्हणून खोटी घाई करणं, न विचारता बास्केटमध्ये वस्तू टाकणं, रद्द करता येऊ नये अशी वर्गणी लावणं, नको म्हटलं तर लाज वाटेल अशी वाक्यं लिहिणं. असं दिसलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पण तक्रारीच्या आधी दोन मिनिटांचं काम करा. ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढा आणि खरेदीच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करा. सोळा आकडे हाताने भरायचे म्हटले, की रात्री अकराची बरीच खरेदी सकाळवर जाते आणि सकाळी लागत नाही.

इथवरचं जमलं की कचेरीकडे वळा, त्याआधी नको. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी रोजचे तास १० पर्यंत आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ ची मर्यादा आणि दुप्पट दर कायम. कायदा मॅनेजर आणि देखरेखीच्या पदांना यातून वगळतो. हाताखाली एकही माणूस नसताना ‘असिस्टंट मॅनेजर’ हे पद मिळालं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे कलम वाचलेलं बरं.

कामाच्या वेळेबाहेर फोन न घेण्याचा हक्क मागणारं विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत दोनदा मांडलं, २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. ते खासगी विधेयक आहे, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही, बोलावं आपणच. भांडण नको, तक्रारही नको. शांत दिवशी, दुपारी, वेळ मागून सांगा: “सर, मंगळवार आणि गुरुवार मी सातला निघेन. तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. मेसेज मात्र सकाळी बघेन.” दोन ठरलेले वार मागणं ‘कमी काम द्या’ म्हणण्यापेक्षा सोपं असतं, आणि देणाऱ्यालाही सोपं जातं. आठवडाभर लिहून ठेवलेल्या निघण्याच्या वेळा सोबत असू द्या. साहेब स्वतः किती वाजता निघतो हे त्याला ठाऊक असतं, तुमचं त्याने कधी मोजलेलं नसतं.

पगारवाढ झाली की पहिल्याच महिन्यात निम्मी वाढ फेडीला किंवा बचतीला लावून टाका. दुसऱ्या महिन्यात ती सवयीची होते आणि मग सापडत नाही.

मिळालेल्या वेळात काय करायचं, हा प्रश्न लोक विचारतात याचंच वाईट वाटतं. झोपा. प्रौढ माणसाला सात तास हवेत, शनिवार-रविवारच्या दोन झोपांनी पाच रात्रींचं देणं फिटत नाही. जेट्टीपर्यंत चालत जा, बाजारातून जवळा किंवा ताजे बोंबील आणा, घरी रांधा आणि सगळे मिळून जेवा. बाहेरच्या जेवणाच्या तेला-मिठाशी तुलना केली तर या एका बदलाचा रक्तदाबावर उपयोग आहे. दिवाळीत गावातल्या बहिरीदेवाच्या जत्रेला जा, नातेवाइकांना भेटा. अमेरिकेत हार्वर्डने १९३८ पासून चालवलेल्या दीर्घ अभ्यासातून पुन्हा पुन्हा निघालेला निष्कर्ष असा, की म्हातारपणीचं आरोग्य आणि समाधान यांचा माणसाच्या नातेसंबंधांशी फार जवळचा संबंध असतो. नाती टिकतात ती बिनकामाच्या गप्पांत, आणि त्यांना वेळ लागतो.

तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासा. निवांत बसून घेतलेला रक्तदाब वेगवेगळ्या दिवशीही १४०/९० च्या वर येत असेल तर ‘कामाचा ताण आहे, होईल कमी’ म्हणू नका, डॉक्टर गाठा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम बोबडी वळणं, एका बाजूचं बळ जाणं, यात लोकल पकडून घरी यायचं नसतं. जिथे असाल तिथून रुग्णालय. आणि रोज सकाळी उठतानाच थकवा, कामाबद्दल तिटकारा, आधी सहज जमणारं काम न जमणं, हे तिन्ही महिनोन् महिने टिकलं तर त्याला आळस म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने येणाऱ्या या अवस्थेची नोंद रोगांच्या वर्गीकरणात केली आहे. बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही.

हे सारं ज्याच्या हाती निवड आहे त्याच्यासाठी. अठरा हजारांत बारा तास उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाला चंगळवादावर भाषण देणं हा निर्लज्जपणा होईल. तो जादा राबतो कारण मजुरी कमी आहे, आणि ती कमी ठेवणाऱ्यांत आपली सोसायटीही आहे. तेव्हा येत्या सभेत एक विषय मांडा: गेटवरच्या माणसाला आठवड्याची भरपगारी सुट्टी. समजा बदली रक्षकाचे महिन्याला चार दिवस, दिवसाचे ७५० रुपये, म्हणजे तीन हजार. साठ घरांची सोसायटी असेल तर दर घरामागे महिन्याला पन्नास रुपये पडतात. विषय कार्यक्रमपत्रिकेवर लेखी द्या, म्हणजे इतिवृत्तात नोंद होते. दहा मिनिटांत किराणा आणणाऱ्या पोरालाही घाईचं नसेल तेव्हा सवडीचा स्लॉट द्या. आणि दिवाळ्याच्या बाजारात पहाटेपासून बसलेल्या मावशीशी दुपारी बाराला वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका.